तेवीस मार्क

"सिस्टर, तेवीस म्हंजे पास का नापास?"

मामांनी मशीन अजून तोंडासमोरच धरलं होतं. मोबाईलपेक्षा थोडं जाड, वर पुठ्ठ्याची नळी. सांगितलं तसं त्यांनी छाती भरून श्वास घेतला, पंधरा सेकंद कोंडून धरला (दहाव्यालाच डोळे मोठे झाले होते) आणि मग चूल फुंकावी तसा हळूहळू सोडला. पडद्यावरचा आकडा चढत गेला. ९, १४, १९, आणि २३ वर थांबला. मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण तोवर सगळ्यात जास्त १७ होते.

"नापास," मी म्हणाले. "इथं सहाच्या आत आला तो पास."

"मंग उलटी परीक्षा हाये ही. शाळंत आशी आसती तर म्या पयला आलो असतो."

मामा आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथं. वय बावन्न, गाव जालन्याकडचं, प्रेसवर सव्वीस वर्षं आणि बिडीवर त्याहून जास्त. दिवसाला एक बंडल, लग्नसराईत दीड. मशीन श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. धूर ओढला की हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो, ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट, आणि ऑक्सिजनला बसायला जागाच देत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा माणूस असतो ना, तसा. हे मी रांगेला सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्याकडं त्या वायूचं नाव 'रुमालवाला' पडलं. "सिस्टर, आज रुमालवाला किती?" असं विचारत पोरं येतात.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत नर्स आहे. दुचाकीचे सुटे भाग बनतात तिथं. माझ्या खोलीबाहेर 'ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर' अशी पाटी आहे आणि सगळे तिला दवाखाना म्हणतात. बारा वर्षं झाली. पत्र्यानं कापलेली बोटं, डोळ्यात गेलेली बर (धातूची कुसळ), थर्ड शिफ्टची ॲसिडिटी, महिनाअखेरीला वाढलेलं बीपी, असं सगळं येतं. बिडी-सिगारेट हे माझं काम नव्हतं. माझं काम ३१ मे रोजीच्या शपथेपुरतं.

ती शपथ सांगायलाच हवी. जागतिक तंबाखूविरोधी दिन आला की फर्स्ट शिफ्टला गेटजवळ उभं करायचं. हात पुढं, "मी शपथ घेतो की", दोन फोटो, फोटो हेड ऑफिसला मेल. शपथ सुटली की त्याच हातानं खिसे चाचपत निम्मी माणसं स्क्रॅप यार्डच्या मागं. एका वर्षी शहरातून डॉक्टर आणून स्लाइड शो केला. सडलेले जबडे, काळी फुप्फुसं. एक पोरगा मला नंतर म्हणाला, "सिस्टर, हे फोटो आमी रोजच बघतो." खरंच होतं. २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग त्या फोटोनंच भरलेला असतो. जो माणूस दिवसातून दहा वेळा तो फोटो बघून पाकीट उघडतो, त्याला मी अकराव्यांदा पडद्यावर दाखवत होते. वर त्याला समोसाही देत होते.

कायदा आहे. २००३ चा कायदा, त्याखालचे २००८ चे नियम. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी आणि कामाच्या जागी धूम्रपान बंद, २०० रुपयांपर्यंत दंड. आमच्या भिंतींवर तो बोर्ड दर वीस पावलांवर आहे. दंडाची पावती मी आजवर पाहिलेली नाही. बोर्ड लागल्यावर धूर स्क्रॅप यार्डच्या मागं गेला, आणि बरेच जण तंबाखूवर गेले, कारण तंबाखूला धूर नाही, वास नाही, आणि दोन्ही हात मशीनवर मोकळे. चुना लावून मळली, गालात ठेवली, काम चालू. २०१६-१७ चं राष्ट्रीय सर्वेक्षण बघितलं तेव्हा मला आमचं शॉप फ्लोअरच दिसलं: महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. आम्ही 'धूरमुक्त' झालो आणि बेसिनं लाल झाली.

हे मशीन २०२५ च्या जानेवारीत आलं. हेड ऑफिसला कुठल्या तरी पाहणीत 'वेलनेस'मध्ये मार्क कमी पडले होते म्हणे. त्यांच्याही परीक्षा असतात. मला बजेट मिळालं: एक मशीन, निकोटीनची गम, महिन्यातून दोनदा समुपदेशक, आणि जो सोडेल त्याला बक्षीस.

बक्षिसावरून मीटिंग झाली. एका साहेबांची कल्पना अशी की सहभागी होणाऱ्याकडून पाचशे रुपये अनामत घ्यायची, सोडली तर परत, नाही सोडली तर जप्त. "माणसाला स्वतःचे पैसे गेले की कळतं." मी तोवर जरा वाचून ठेवलं होतं. अमेरिकेत २०१५ साली हाच प्रयोग छापून आला. बक्षिसाची योजना पुढं केली तेव्हा शंभरातले नव्वद हो म्हणाले, आणि स्वतःचे १५० डॉलर आधी जमा करा म्हटल्यावर चौदासुद्धा नाही. साहेबांना म्हटलं, तिथली ही तऱ्हा, मग आमच्या बजाजनगरच्या खोलीभाड्यातून पाचशे कोण काढून देईल? बक्षीसच ठरलं. स्टीलचा थर्मास आणि पगारात थोडे पैसे.

बक्षिसानं जादू होते असं मात्र मला कुणी सांगू नये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ८७८ नोकरदारांवरचा अभ्यास २००९ साली आला. एका गटाला सिगारेट सोडण्याच्या वर्गांची नुसती माहिती, दुसऱ्याला माहिती आणि वर टप्प्याटप्प्यानं ७५० डॉलरपर्यंत पैसे. साधारण वर्षानं पाहिलं तर पहिल्या गटात ५ टक्के सुटलेले, पैसेवाल्यांत १४.७. जवळजवळ तिप्पट, म्हणून तो अभ्यास गाजला. मी त्यातला दुसरा आकडा बघत बसले. साडेसातशे डॉलर समोर ठेवूनही शंभरातल्या पंच्याऐंशी जणांची सुटली नाही. मामा म्हणतात, "सोडनं काय, धा येळा सोडली म्या."

आमची पहिली अडचण बिडी नव्हतीच. यादी होती. हेड ऑफिसच्या पत्रात 'कंपनीचे कर्मचारी' असं लिहिलेलं, म्हणजे ठेकेदाराची पोरं बाहेर. आणि सिगारेट ओढणारी निम्मी पोरं ठेकेदाराचीच. मी भांडले. त्यांना घ्यायची परवानगी आली, तर पोरंच येईनात. एक जण दार लोटून आत आला, खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच विचारलं, "ताई, नाव वर जातं का?" मला आधी कळलंच नाही. ठेका दर काही महिन्यांनी नवा होतो. त्या वेळी 'व्यसनी' म्हणून यादीत नाव असलं तर? त्या दिवशी मी रजिस्टर बदललं. नावं काढली, नंबर दिले, कोणता नंबर कोणाचा ती वही माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. सुपरवायझरनं एकदा "जरा बघू" म्हणून मागितली. दिली नाही. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याच महिन्यात अकरा पोरं आली.

गमची गंमत वेगळी. निकोटीनची गम चघळत राहायची नसते. दोन-चार वेळा चावायची, जीभ झिणझिणली की थांबायचं, गालात सरकवून ठेवायची, झिणझिण ओसरली की पुन्हा दोन-चार चावे. गालाच्या आतल्या कातडीतून निकोटीन हळूहळू रक्तात जातं. पटापट चावून रस गिळला तर पोटात जातं आणि उचक्या लागतात. पहिल्या दिवशी सिगारेटवाल्या पोरांनी चहाबरोबर चुइंगमसारखी चावली आणि दवाखान्यात उचक्यांचा कोरस सुरू झाला. शेवटी मामांच्याच शेजारच्या मशीनवरचा एक तंबाखूवाला पुढं आला. "आरं, गालात ठिवायची लेका, तंबाखूवानी. गिळतो का कुनी?" त्यानं सगळ्यांना धडा दिला. चाळीस वर्षांचा अनुभव. माझ्या हातातलं माहितीपत्रक मी घडी करून ठेवून दिलं.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट मात्र घोकून घेतली. धूर ओढल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं होतं. म्हणून दर दीड-दोन तासांनी तलफ. पण ती तलफ चार-पाच मिनिटांचीच असते. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, झोप नाही, चिडचिड. दोन-चार आठवड्यांत ओसरते. आणि रुमालवाला तर दोन दिवसांतच सीट सोडून उठतो. मशीनचा खरा उपयोग तोच. फुप्फुसं सुधारायला वर्षं लागतात आणि ती दिसत नाहीत, आकडा मात्र तिसऱ्या दिवशी दिसतो. फेब्रुवारीत मामा तिसऱ्या दिवशी आले, फुंकले, ४ आले. पडद्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले. "फोटू काढा ह्याचा," म्हणाले. तो फोटो त्यांनी सुनेला पाठवला.

आणि दहाव्या दिवशी परत १८.

मी रागावले नाही असं लिहायचा मोह होतोय, पण रागावले. काय झालं म्हणून विचारलं तर गप्प. मग म्हणाले, "सिस्टर, एक सांगू का? बिडी नसली तर म्या भाईर कशाला जाऊ?"

म्हणजे?

म्हणजे असं. प्रेसवर उभं राहून तासाला किती स्ट्रोक मारायचे ते ठरलेलं असतं. धाडधाड आवाज, कानात बोळे, पाय सिमेंटवर. पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची सुट्टी कायद्यानंच आहे, ती जेवणात जाते. मध्ये सुपरवायझरला जाऊन "दमलोय, पाच मिनिटं बसतो" म्हटलं तर तो म्हणणार, "घरी जाऊन बस." पण "बिडी मारून येतो" म्हटलं की तोच मानेनं हो म्हणतो, कारण तोही ओढणारा. बिडी ही आमच्या शॉपमधली रजेची चिठ्ठी होती. स्क्रॅप यार्डच्या मागं थोडा वारा असतो, बसायला उलटी केलेली बिनं असतात, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचा बोअर आटला ते तिथं कळतं. मामांनी बिडी सोडली आणि त्यांची ती सगळी आठ मिनिटं गेली. दहा दिवस ते सलग उभे होते. धूर सोडायला आम्ही सांगितलं होतं, बसणं सोडायला नव्हतं सांगितलं, पण दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

मला त्या रात्री झोप आली नाही, कारण हे मी आधी ऐकलेलं होतं. आईच्या तोंडून.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूचं. सणवार उरकले की गाव रिकामं व्हायचं. आई-बाप कोयत्यावर. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फडातून हलायचं नाही, एक दिवस पडून राहिलं की खाडा. बाप ऊस तोडायचा, आई मोळ्या बांधून गाडीवर चढवायची. आई मिश्री लावते. तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू, कुटून डबीत. मी नर्सिंगला अंबाजोगाईला गेले आणि पहिल्या सुट्टीत टूथपेस्ट आणि ब्रश घेऊन घरी आले. आईनं ब्रशनं मिश्री लावली. पुढं मी कॅन्सरचे फोटो दाखवले, रडले, अबोला धरला. एकदा चिडून विचारलं, एवढं काय आहे गं त्या काळ्या भुकटीत? तर पाचट झाडावं तसं सहज म्हणाली, "पानी प्याला थांबलं तर मुकादम वरडायचा. मिश्री लावाया बसलं तर कुनी काई म्हनत नव्हतं." मी तेव्हा ते उत्तर म्हणून धरलंच नव्हतं. बाईची पळवाट, एवढंच वाटलं होतं. प्रेस शॉपच्या एका बावन्न वर्षांच्या माणसानं तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत वीस वर्षं गेली.

मग मी प्रॉडक्शनच्या साहेबांकडं गेले. मागणी एकच: प्रेस शॉपला प्रत्येक शिफ्टमध्ये दोनदा सात मिनिटं, सगळ्यांना, काहीही न ओढता बसायला. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. साठ माणसं गुणिले चौदा मिनिटं. मी म्हटलं, हे आत्ताही जातंय, फक्त ओढणाऱ्यांचं जातंय. आठवडाभर मी स्क्रॅप यार्डच्या मागच्या खिडकीतून वहीत वेळा टिपल्या होत्या. नावं नाहीत, नुसत्या वेळा. एकेक माणूस चार-पाच फेऱ्या, फेरीला आठ-नऊ मिनिटं. साहेबांनी वही दोनदा उलटून पाहिली. "महिनाभर करून बघू," म्हणाले. हे त्यांचं मोठेपण; बरेच जण वहीच परत देतात.

महिनाभरात काय झालं ते सरळ सांगता येत नाही. स्क्रॅप यार्डच्या विरुद्ध टोकाला, कॅन्टीनच्या पत्र्याखाली बाकडी टाकली. पहिला आठवडा कुणी बसेना, लाज वाटायची. नुसतं बसलेला माणूस कामचुकार दिसतो, बिडी ओढत बसलेला दिसत नाही, ही सवय सगळ्यांच्याच डोळ्यांना. मग कुणी तरी पत्ते आणले, ते सुपरवायझरनं जप्त केले, मग कुणी शेंगा आणल्या. शेंगा टिकल्या. न ओढणारी पोरंही येऊ लागली आणि त्यांनीच नवं भांडण काढलं. एकानं मला गाठलं: "ताई, म्या कधीच पिलो न्हाई. माझा थर्मास कुठाय?" ह्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. थर्मास मात्र दिला, माझ्या खात्यातून.

पहिल्या बॅचचे चौदा जण. सहा महिन्यांनी मशीनसमोर सहाच्या आत फुंकणारे पाच. त्यातला एक मला माहीत आहे की तंबाखूच्या पुडीवर गेला. त्याचा आकडा २ येतो, मशीन त्याला पास करतं, थर्मासही त्याला मिळाला. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून मी त्याला आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तपासायला पाठवलं. तपासणीत काही निघालं नाही. तो परत आला तो चिडून, सुट्टी गेली म्हणून.

फोनचंही एक सांगते. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाईन आहे, १८००-११-२३५६, फुकट, मराठीतही बोलतात. नंबर पाकिटावरच छापलेला असतो, त्या जबड्याच्या फोटोसोबत. आमच्या दोन पोरांना तिचा चांगला उपयोग झाला. सोडायची तारीख ठरवून घेतात, मग स्वतःहून फोन करून विचारतात. पण ती लाईन सकाळी आठ ते रात्री आठ. थर्ड शिफ्टच्या माणसाची तलफ रात्री तीनची. तेव्हा मोबाईल माझा वाजतो. बहुतेकांना काही बोलायचं नसतं. "उठवलं का, सिस्टर?" विचारतात, मी हो म्हणते, इकडचं तिकडचं बोलतो, तेवढ्यात पाच मिनिटं होतात.

मामा मार्चमध्ये परत उभे राहिले. बाकड्यावर बसून शेंगा सोलायचे, टरफलं खिशात. एप्रिल, मे, जून, ४ किंवा ३. आषाढीला वाळूजच्याच पंढरपुरात दर्शनाला जाऊन आले, तिथल्या रांगेत बिडीशिवाय चार तास उभा होतो म्हणून सांगितलं. मग सप्टेंबर आला. २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. मामांचं चार एकर सोयाबीन काढणीला आलं होतं, ते पाण्यात उभं राहून कुजलं. ते गावाहून परत आले तेव्हा शर्टाला वास होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मशीनकडं तेवढं बघितलं नाही त्यांनी.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. त्या दिवशी घरचे लोक आत येऊ शकतात. प्रेसला झेंडूचे हार, हळद-कुंकू, लिंबू. ज्या मशीननं बोटं नेली त्यालाही नारळ. आईला मी त्या वर्षी पहिल्यांदा घेऊन आले. आता ती कोयत्यावर जात नाही, दसऱ्याचं तिला कौतुक वाटतं. दवाखान्यात पोराबाळांची झुंबड होती, सगळ्यांना रुमालवाला बघायचा होता. रांगेत मामा दिसले, नातवाला कडेवर घेऊन. नातवानं फुंकलं, १. मग मामांनी नळी बदलली आणि कुणी न सांगता स्वतः फुंकलं. १२.

"दोनच पिल्या सकाळधरनं," ते म्हणाले. "उद्यापासनं बगा."

"उद्या सुट्टी आहे."

"मंग परवापासनं."

त्यांच्या मागं आई होती. तिला काय चाललंय ते फारसं कळलं नव्हतं, पण रांग होती म्हणून ती उभी राहिली. मी नळी लावून दिली. फडात गाडी भरणाऱ्या बाईचा श्वास. पंधरा सेकंद तिनं डोळ्याची पापणी न हलवता धरला. २ आले. मिश्रीला धूर नाही.

"पास का?" तिनं विचारलं.

"पास."

मामांनी हात जोडले. "माय, तुमी तर पयल्या आल्या."

आईनं पदर सावरला, बाहेर पत्र्याखालची बाकडी तिला दिसली, आणि ती तिकडं जाऊन बसली. कमरेची डबी काढली. मामा नातवाला घेऊन तिच्या शेजारी बसले, आणि खिशातून शेंगा काढल्या.